शब्दांचा सरवा

त्या वर्षी वसंत लागला आणि उल्कान एजेच्या स्वप्नात शब्द येऊ लागले. नुसते शब्द, अर्थ मागे कुठेतरी राहून जायचे. एकदा तिला दिसलं, ती शनिवारच्या गुरांच्या बाजारात उभी आहे. दाट धुकं आहे. गुरं दिसत नाहीत, नुसता त्यांचा उबदार वास येतोय. एका म्हाताऱ्याने तिच्या हातात दोर दिला आणि म्हणाला, "धर, हे तुझं." दोराचं दुसरं टोक धुक्यात होतं. "काय आहे हे?" तिने विचारलं. "थ्रेशहोल्ड," म्हातारा म्हणाला आणि निघून गेला. ती दोर धरून चालू लागली. मागून जे काही येत होतं ते जड होतं, शांत होतं, आणि तिच्यामागे यायला त्याची ना नव्हती.

जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं, नवरा चुलीत लाकूड सारत होता आणि शब्द अजून तिच्या जिभेवर होता. त्याचा अर्थ उंबरठा, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ती अठरा वर्षं गावाला इंग्रजी शिकवत होती.

कोच्कोर या किर्गिझ गावात तिला सगळे एजेच म्हणतात. एजे म्हणजे थोरली बहीण, आणि शाळेतली बाईसुद्धा. अर्ध्या गावाला तिने जर्मन शिकवलं, उरलेल्या अर्ध्याला इंग्रजी. जर्मन तिचं होतं. राजधानीच्या वसतिगृहात पाच हिवाळे काढून तिने ते मिळवलं होतं. तेव्हा तिला वाटायचं, आपण एकदा तरी त्या देशातल्या एखाद्या पुलावर उभं राहून कुणाला तरी रस्ता विचारू. मग देशाचं नाव बदललं, राजधानीचं नाव बदललं, जर्मन शिकायला मुलं येईनाशी झाली. एका शुक्रवारी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तू इंग्रजी घे. अक्षरं तीच आहेत."

शुक्रवार ते सोमवार तिने पहिला धडा पाठ केला आणि सोमवारी शिकवला. मग दुसरा. मग तिसरा. अशी अठरा वर्षं ती वर्गाच्या एक धडा पुढे राहिली, पुराच्या पाण्यापुढे चालावं तशी: मागे वळून बघायचं नाही आणि थांबायचं नाही. एखाद्या पोराने न येणारा शब्द विचारलाच, तर ती चष्मा सारखा करून म्हणायची, "घरी शोध. उद्या तू मला सांग." गावात ही शिकवण्याची फार चांगली पद्धत समजली जायची. पालकांच्या सभेत इतर शिक्षकांना तिचं उदाहरण देत.

मार्चमध्ये अकरावीतली पेरीझात शाळा सुटल्यावर तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. उंच, कमी बोलणारी मुलगी. घरी घोड्या पाळायचे, त्यामुळे तिच्या कोटाला बारा महिने गवताचा वास.

"एजे, रिलक्टंट म्हणजे काय?"

"घरी शोध. उद्या तू मला सांग."

"शोधलाय. रशियन कोशात तीन अर्थ दिलेत. ते तिन्ही एकच आहेत की वेगवेगळे, ते मला कळेना. म्हणून विचारायला आले."

याच्या पुढचं उत्तर एजेकडे नव्हतं. अठरा वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. तिने खिडकीबाहेर पाहिलं. पटांगणातला बर्फ कडेकडेने काळा पडत चालला होता.

पेरीझातने दप्तरातून कागदांचा एक गठ्ठा काढला. राजधानी बिश्केकच्या एका विद्यापीठात सगळं शिक्षण इंग्रजीत चालायचं. तिथे जायचं तर ऑगस्टअखेर परीक्षा द्यावी लागायची, आणि त्या परीक्षेसाठी हे पाचशे शब्द कुणीतरी छापून काढले होते. "साधे नाहीत, एजे," ती हळूच म्हणाली. "वरचे आहेत."

"ठेव माझ्याकडे," एजे म्हणाली. "आठवडाभर."

तिने आठवडाभरात ते पाचशेच्या पाचशे शब्द वहीत उतरवून घेतले आणि गठ्ठा परत दिला. रिलक्टंटच्या शंकेबद्दल ती काही बोलली नाही, पेरीझातनेही विचारलं नाही. त्यानंतर स्वप्नं सुरू झाली.

शब्द दोन कुळांचे निघाले. लांबलचक शब्द रशियनच्या वाटेने यायचे. ते शहरातल्या नातेवाइकांसारखे होते: चेहरा ओळखीचा, अंगात कोट, जरा अंतर ठेवून बोलणारे. आखूड शब्दांना मात्र रशियनमध्ये कोणीच सोयरं नव्हतं. ते उंबऱ्याबाहेर अनवाणी उभे असल्यासारखे वहीत उभे होते, आणि त्यांच्याकडे बघून एजेचा जीव कासावीस व्हायचा. एका संध्याकाळी ती दुधातून साय काढायच्या यंत्राचा दांडा फिरवत होती. एका फेऱ्याला एक शब्द, असं मनात चाललं होतं. लिंगर. लिंगर. लिंगर. यंत्राची घरघर एका लयीत चालली होती, एका नळीतून दूध, दुसरीतून साय. आणि त्या घरघरीतून तिला तिच्या जुन्या प्राध्यापिकेचा आवाज आल्यासारखा वाटला: लांग, लेंगर. जर्मनमध्ये लांग म्हणजे लांब. लिंगर म्हणजे लांबवणं. निघायचं आहे, आणि तरी लांबवत राहणं.

तिने दांडा सोडला. यंत्र आपलं आपण मंदावत थांबलं.

मग तिने वही आणली. रेकन म्हणजे हिशेब मांडणं, कारण जर्मन रेश्नेन. यर्नच्या पोटात तिचं लाडकं गेर्न लपलेलं, मनापासून हवंसं वाटण्याचं. विदरमध्ये जर्मन वेटर, म्हणजे हवा: ऊनवाऱ्याने सुकत जाणं. अठरा वर्षं ट्रंकेत पडून असलेलं जर्मन उठलं होतं आणि हातात किल्ल्या घेऊन त्या पोरक्या शब्दांची दारं एकेक उघडत चाललं होतं. त्या दिवशी दुधावर माश्या बसल्या आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तिचा नवरा केनेशबेक पाटकरी. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, कोणाची पाळी कधी संपली, हे तो ठरवायचा. त्यामुळे निम्म्या गावाचा तो लाडका आणि निम्म्या गावाच्या शिव्यांचा धनी, आणि निम्मे दर आठवड्याला बदलायचे. एके सकाळी तो गोठ्याच्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे दाराला काय चिकटवलंयस?"

"शब्द."

"गायीची परीक्षा आहे?"

"हात लावू नका. वाचायचं तर वाचा."

त्याने अक्षर अक्षर लावून वाचलं. "लिं-गर. म्हणजे काय?"

"रेंगाळणं."

"मग बरोबर ठिकाणी लावलायस." त्याने गायीच्या पाठीवर थाप मारली. "चल गं लिंगर, उजाडलं केव्हाचं."

गायीचं ते नाव पडलंच. आठ दिवसांत शेजारची पोरंही तिला त्याच नावाने हाका मारू लागली. केनेशबेक बायकोची चेष्टा करायचा, "मी दिवसभर पाणी सोडतो, तू दिवसभर शब्द अडवतेस. बांध फुटेल एक दिवस." पण पाटावर जाताना त्याच्या खिशात तिची एखादी चिठ्ठी असायची, आणि संध्याकाळी तो ती परत आणून द्यायचा, ओली झालेली.

जूनमध्ये शाळा संपली आणि पेरीझातचं घर घोड्या घेऊन वर सोंग-कोल तळ्याकाठच्या कुरणावर गेलं. जायच्या आदल्या दिवशी ती एजेच्या फाटकाशी आली होती. काही विचारलं नाही, नुसतं "येते" म्हणाली. ती वळणाआड होईपर्यंत एजे तिच्याकडे बघत राहिली. मग आत येऊन म्हणाली, "पाठ फार दुखतेय. पंधरा दिवस वर जाऊन घोडीच्या दुधाचं किमिझ पिते म्हणते."

"कधीपासून दुखतेय?"

"मार्चपासून."

"मार्चपासून तू वहीत मान घालून बसलीयस," केनेशबेक म्हणाला. "किमिझ मानेला चालतं का ते वैद्याला विचारायला हवं. जा. पिठाचा ट्रक परवा निघतोय."

खिंडीत अजून बर्फ होता. ट्रक त्यातून उतरला आणि तळं दिसलं, तशी एजेची पाठ खरोखरच हलकी झाली. तिथे आकाश इतकं जवळ असतं की माणसं आपोआप हळू बोलतात. पाण्याला काठ आहे की नाही ते दुपारपर्यंत कळत नाही. घोड्या पाण्यात उभ्या असतात तर वाटतं ढगात उभ्या आहेत. पेरीझातची आई सायकाल बोज-उयच्या, नमद्याच्या गोल तंबूच्या, दारात चरवी घेऊन उभी होती. रुंद, लाल गालांची बाई. तिचं बोलणं नमद्याच्या भिंतीतून चार घरं ऐकू जायचं.

"या एजे. पाठ कुठे ठेवून आलात? चालताय तर चांगल्या."

"वाटेत बरी झाली."

"मग आता किमिझ कशाला वाया घालवायचं," असं म्हणत तिने वाडगा काठोकाठ भरला.

पहिले तीन दिवस एजेने काही केलं नाही. घोड्यांची धार काढताना शिंगरं धरली, वाळलेल्या गोवऱ्या वेचल्या, किमिझ घुसळलं. चौथ्या दिवशी दुपारी ती आणि पेरीझात तळ्याकाठी गवतावर बसल्या होत्या. पेरीझातच्या मांडीवर कागदांचा गठ्ठा होता, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक दगड.

"एजे, हा सॉलिस—"

"मला माहीत नाही," एजे म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मला माहीत नाही, पेरीझात. मला पहिल्यापासूनच फारसं काही माहीत नव्हतं. मी जर्मनची आहे. तुम्हाला जे शिकवलं ते आदल्या दिवशी वाचून शिकवलं."

पेरीझातने एक गवताची काडी उपटली. "माहितीये, एजे."

"काय माहितीये?"

"हेच. सगळ्या वर्गाला माहितीये. सातवीपासून."

"सातवीपासून?"

"तुम्ही मधूनच 'द'च्या जागी जर्मन 'दास' म्हणायचात. अझीमने एकदा मोजलं होतं, एका तासात नऊ वेळा."

एजेने तळ्याकडे पाहिलं. अठरा वर्षं ज्याला ती पूर समजत होती, ते पाणी तिच्या मागे केव्हाच निवांत बसलं होतं, आणि ती एकटीच चालत होती. "मग कोणी बोललं का नाही?"

"तुम्ही आम्हाला शोधायला लावायचात ना. आम्ही शोधायचो." पेरीझातने कागदांवरचा दगड नीट ठेवला. "मला तर आवडायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही खरोखर कान देऊन ऐकायचात. बाकीच्या शिक्षकांना उत्तर आधीच माहीत असतं, ते ऐकत नाहीत."

एजेने चष्मा काढला, पदराने पुसावा तसा रुमालाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मग तिने आपली वही पिशवीतून काढून दोघींच्या मध्ये ठेवली. पेरीझातने पानं उलटली. पाचशे शब्द, एजेच्या नेटक्या तिरक्या अक्षरात, बाजूला रशियन, बाजूला किर्गिझ, आणि समासात बारीक शाईने जर्मन. सॉलिसपुढे रिकामी जागा होती. पेरीझातच्या कागदावर तिथे अर्थ लिहिलेला होता: दुःखातला दिलासा. तिने तो एजेच्या वहीत लिहून दिला.

त्यानंतर त्या बरोबरीने शिकू लागल्या. एकीला न येणारं दुसरीला यायचं, दोघींना न येणारं बाजूला एका पानावर जमायचं. ग्लीन हा शब्द त्या पानावर दोन दिवस पडून होता. पेरीझातच्या कोशात लिहिलं होतं, कणसं उचलणे. "कणसं उचलायला काय वेगळा शब्द लागतो?" ती म्हणाली. तिने शेतं पाहिली होती ती बटाट्याची.

एजे मात्र वाचता वाचता थांबली. तिला सप्टेंबर आठवला, ती नऊ वर्षांची असतानाचा. कापणीचं यंत्र शेतातून गेलं की सगळी शाळा मागून सोडायचे. खुंटं पायांना टोचायची, ऊन तिरकं झालेलं असायचं, आणि ओळीने वाकलेली पोरं यंत्रातून सुटलेली कणसं वेचत जायची. फडक्यात भरायची ती सरकारची. पण प्रत्येकाचा एक खिसा घरचा असायचा, आणि तो कोणी तपासायचं नाही. तिची आई त्या खिशातले दाणे तव्यावर भाजून द्यायची. तो वास तिला आत्ता, या उंचीवर, जिथे गहू कधी उगवला नाही, तिथे स्पष्ट आला.

"याला आपल्याकडे शब्द आहे," ती म्हणाली. "मशाक. शेत कापून झाल्यावर मागे राहिलेलं वेचायचं ते. सरवा."

आत कणीक मळत असलेल्या सायकालने हे ऐकलं. "इंग्रजांनाही सरवा वेचायला लागायचा का?"

"शब्द आहे त्या अर्थी वेचत असतील."

"म्हणजे तेही गरीबच होते बिचारे," सायकाल म्हणाली. "उगाच घाबरतेस तू त्यांना, पोरी."

कोशात पुढे आणखी एक अर्थ दिला होता: इकडूनतिकडून, थोडं थोडं करून माहिती गोळा करणं. पेरीझातने तो मोठ्याने वाचला. दिवसभर मधूनच एजेच्या तोंडी तो शब्द यायचा, गाण्याची ओळ आठवावी तसा.

दहाव्या दिवशी दुपारी गारा आल्या. तळं पांढरं झालं, कुत्री नमद्याच्या आडोशाला आली, आणि गारांतून दोन सायकली ढकलत एक साठीचं जोडपं दाराशी आलं. गोरी माणसं, भिजून चिंब. सायकालने त्यांना हाताला धरून आत घेतलं, चुलीजवळ बसवलं आणि लेकीकडे नि एजेकडे बघितलं. आता बोला.

पेरीझात लाजून चुलीशी वाकली. एजेने पाचशे शब्द मनात चाळले. एकही जागचा हलेना. ती "वेलकम" एवढंच म्हणाली आणि तिच्या कानाला ते पाटीवर लिहिल्यासारखं वाटलं. पाहुण्या बाईने मान लववली, मग नवऱ्याकडे वळून हळूच काहीतरी पुटपुटली.

ते जर्मन होतं. ती म्हणत होती, "पाय आवर, त्यांच्या गालिच्यावर तळं करतोयस."

"करू द्या," एजे जर्मनमध्ये म्हणाली. "त्या गालिच्यावर दोन शिंगरं जन्मलीयत."

दोघंही वाडगा हातात धरून तसेच राहिले. मग तो माणूस एवढ्या मोठ्याने हसला की बाहेर कुत्रं भुंकलं. गारा थांबून ऊन पडलं तरी ती तिघं बोलत होती. एजेचे हात बोलत होते, भुवया बोलत होत्या. ती मधेच अडायची, एखादा शब्द हवेत शोधायची, तो सापडला की टाळी वाजवायची. सायकालने तीनदा चहा ओतला आणि चौथ्यांदा लेकीला कोपराने ढोसून विचारलं, "या आपल्याच एजे ना?"

जोडपं गेल्यावर पेरीझात वाडगे विसळत म्हणाली, "एजे, तुम्ही जर्मनमध्ये वेगळ्या असता."

"कशी?"

"जर्मनमध्ये तुम्ही चेष्टा करता. इंग्रजीत तुम्ही नुसत्या बरोबर असता."

एजेला हे लागलं. पण खोटं नव्हतं. ती बाहेर जाऊन तळ्याकाठाने बरंच चालली. ओल्या गवतात गारा वितळत होत्या आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला उजेड होता. इतके महिने तिने शब्द गोळा केले, पण त्यातला एकही खर्चला नव्हता. परत आली ती नवीन नियम घेऊन: आजपासून अर्थ पाठ करायचा नाही. रोज दहा शब्द, आणि प्रत्येक शब्दाने कोणाची तरी तक्रार करायची किंवा कोणाची तरी खोडी काढायची.

पेरीझातने सुरुवात केली. त्यांचा कुत्रा लांडग्यामागे जायला रिलक्टंट आहे, ती इंग्रजीत म्हणाली. एजे म्हणाली, कुत्रा रिलक्टंट नाही, प्रुडंट आहे. रिलक्टंट पेरीझात आहे, पहाटे धारेला उठायला. एक म्हणजे नाखूश आणि दुसरा म्हणजे शहाणा, असं सायकालला समजावून सांगितल्यावर ती कुत्र्याच्या बाजूने भांडायला बसली. पंधराव्या दिवशी ट्रक आला तेव्हा "बरोबर" राहायची एजेची सवय पुरती गेली नव्हती, पण सैल झाली होती. तिची वाक्यं मोडायची, वाकडी पडायची, आणि ती तशीच पुढे जायची.

ऑगस्टअखेर सायकाल घोड्यांपाशीच होती, म्हणून पेरीझातला परीक्षेला घेऊन एजे बिश्केकला निघाली. सहा वाजताची गाडी पकडली. धरणाचं पाणी निळंशार पसरलं होतं. बोऔमच्या घाटात पेरीझात तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि एजे काचेतून खाली धावणारी नदी बघत राहिली. विद्यापीठाच्या दाराशी मुलांची रांग होती. पेरीझात रांगेत उभी राहिली आणि मागे वळून म्हणाली, "एजे, तुम्ही सावलीत बसा. तीन तास लागतील."

एजे तिच्या मागे रांगेतच उभी होती. तिच्या हातात पासपोर्ट होता.

"तुम्ही मला सोडायला आलात ना?"

"सोडायलाही आले."

पेरीझातने पासपोर्टकडे पाहिलं. "घरी माहितीये?"

"त्यांनीच नाव नोंदवलं, शाळेच्या संगणकावर. मला ते यंत्र जमत नाही."

खोलीत सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं होती. पर्यवेक्षिकेला वाटलं ही कोणाची तरी आई आत शिरलीय. पासपोर्ट आणि यादी तीनदा ताडून तिने एजेला खिडकीजवळची जागा दिली. पेपर उघडला आणि एजेला बाजारात गावकरी भेटावेत तसे शब्द भेटू लागले. हा ओळखीचा, तो ओळखीचा, त्याची मान जरा वळली आहे पण तोच. उतारा मिठाच्या व्यापाऱ्यांबद्दल होता, वाळवंटातून जाणाऱ्या. ती त्यांच्याबरोबर चालू लागली. आणि दुसऱ्या पानावर, वादळाच्या मधोमध, एक शब्द असा आला की जो पाचशेत नव्हता.

लल.

वारा दोन दिवस वाहत होता, असं लिहिलं होतं, आणि मग एक लल आला, आणि त्या ललमध्ये माणसांनी उंटांना पाणी पाजलं. एवढंच. प्रश्न पुढे होते. एजेला पुढे जावंसं वाटेना. तिने तो शब्द मनात हळूच म्हटला. त्यात पाळण्याचा झोका होता. जर्मनमध्ये लेकराला अंगाई म्हणून निजवतात त्या शब्दाचा तो सख्खा भाऊ वाटत होता. तिला तळं दिसलं. गारा थांबल्यानंतरचं, पुढचा वारा यायच्या आधीचं. घोड्या माना खाली घालून उभ्या, पाणी काचेसारखं, सायकालसुद्धा गप्प. इतकी वर्षं त्या क्षणाला नाव असेल असं तिला वाटलंच नव्हतं. आणि हे नाव तिला कोणी सांगितलं नव्हतं, कोशात पाहिलं नव्हतं, उद्या कोणाला विचारायचं नव्हतं. ते तिने जागच्या जागी, स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलं होतं. त्या खिडकीशी ती त्या एका शब्दात बसून राहिली, आणि बाहेर पॉप्लरच्या झाडांची पानं हलायची थांबली होती की ते तिला तसं वाटत होतं, कोण जाणे.

पर्यवेक्षिकेने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा अकरा प्रश्न कोरे होते.

रस्त्याकडेच्या झाडाखाली दोघींनी मांस भरलेले गरम साम्सा खाल्ले. पेरीझातला राग आला होता. "अकरा, एजे. नुसत्या डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी तीन बरोबर आले असते."

"सुचलं नाही."

"करत काय होतात?"

एजेने सांगायचा प्रयत्न केला. उंट, वारा, तळं. पेरीझात ऐकताना खायची थांबली. शेवटी ती म्हणाली, "मी तिथे अंदाजाने 'विहीर' धरलं. मला वाटलं विहीर आल्यावर पाणी पाजतात." आणि मग दोघींनाही हसू आवरेना.

निकाल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. एजे आणि केनेशबेक बटाटे काढत होते तिथे पेरीझात शेतातून पळत आली, फोन हातात उंच धरून. तिला शंभरपैकी एक्क्याऐंशी होते. प्रवेश झाला होता, गुरुवारी निघायचं होतं. एजेला बावन्न.

"बावन्न म्हणजे पास की नापास?" केनेशबेकने फावड्यावर रेलून विचारलं.

"यात पास-नापास नसतं. कुठवर आलात ते सांगतात."

"मग कुठवर आलीस?"

"अर्ध्याच्या जरा पुढे."

त्याने फावड्याची माती झटकली. "अठरा वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी विचारलं असतं तर?"

"शून्य."

"मग बरंच चाललीस की," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.

गावात ही बातमी राहते थोडीच. बाजारात एका पालकाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो एजे, इंग्रजीच्या बाईंना बावन्न?" लोक कान टवकारून उभे राहिले. एजे कांदे निवडत होती. "हो," ती म्हणाली. "बावन्नपर्यंतचं तुमच्या मुलाला मी शिकवते. त्याच्या पुढचं आम्ही दोघं मिळून शोधू. तुमचे किती आहेत?" त्या माणसाने कांद्यांचा भाव विचारला. आणि पुढच्याच महिन्यापासून शनिवारी दुपारी एजेने जर्मनचा वर्ग सुरू केला, कोणी सांगितलं नसताना. पहिल्या शनिवारी चार जण आले, त्यात एक केनेशबेक होता, तो मागे बसून झोपला.

ऑक्टोबरमध्ये घोड्या खाली आल्या. सायकाल एजेच्या घरी आली, कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. तिला एवढं गप्प एजेने कधी पाहिलं नव्हतं.

"पेरीझात रविवारी फोन करते," ती म्हणाली. "मला एक शब्द शिकवा."

"कोणता?"

"'जेवलीस का' नको, ते ती आपल्या भाषेत ऐकते रोज. तुम्ही दोघी तळ्याकाठी म्हणायचात तसला द्या. वरचा."

एजेने वही काढली आणि दोघींच्या मध्ये ठेवली. एकेक शब्द ती वाचू लागली, सायकाल डोळे मिटून ऐकू लागली. "हा नको, शिंकल्यासारखा वाटतो. हा लांब आहे, माझा दम जाईल. हा तर सरकारी कागदासारखा आहे." बाहेर पॉप्लरची पानं गळत होती, चहा निवत होता. चौथ्या पानावर एजेने एम्बर हा शब्द वाचला, वहीत त्याच्यापुढे राखेखालचा निखारा असं लिहिलं होतं, आणि सायकालने हात वर केला.

"थांबा. हाच. परत म्हणा."

"अर्थ नाही विचारलात."

"सांगू नका," सायकाल म्हणाली. "रविवारी तिलाच विचारते."

फाटकाबाहेर तिचा घोडा उभा होता. ती चढली, लगाम सैल सोडला आणि रस्त्याने निघाली. ओठ हलत होते. एजे दारात उभी राहून ऐकत होती. आवाज ऐकू येईनासा झाला तरी ओठ हलताना दिसत होते.